टाळ्या पडल्या, पण त्या बाई परत आल्या नाहीत

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

‘ताई, नमस्कार. मी २७ वर्षांची. भांडुपला राहते. बी.कॉम. झालंय, अंधेरीत एका विमा कंपनीत क्लेम्सचं काम करते. कॉलेजपासून एकांकिका करतेय. आधी कामं केली, मग बसवायला लागले. या पावसाळ्यापासून दर रविवारी आमच्याच चाळींमधल्या बचत गटाच्या बायकांसाठी नाट्यशिबिर घेते. दुसऱ्याच रविवारी मी म्हटलं, घरातला एखादा प्रसंग करून दाखवा. एक बाई पुढे आल्या. त्यांनी स्वतःच्या नवऱ्याचं काम केलं आणि दुसऱ्या एका बाईला “तू मी हो” म्हणाल्या. ताट भिरकावलं, शिव्या दिल्या, हात उगारला. हॉल चिडीचूप. मग त्या खाली बसल्या आणि थरथरत रडायला लागल्या. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मलाही रडू आलं. आजवर बसवलेल्या एकाही एकांकिकेत मला असा सीन मिळाला नव्हता. त्यानंतर त्या बाई शिबिराला आल्या नाहीत. रस्त्यात दिसल्या तर मान वळवतात.

मला ड्रामा थेरपिस्ट, म्हणजे नाटकाच्या मदतीनं मनावर उपचार करणारी, व्हायचंय. मुंबईत कुठे शिकता येईल? बी.कॉम.वर चालेल का? आठ दिवसांचा एक ऑनलाइन कोर्स पाहिलाय, शेवटी “सर्टिफाइड ड्रामा थेरपिस्ट” असं प्रमाणपत्र देतात. तो करून सुरुवात केली तर? नोकरी सोडू का? बाबा म्हणतात, नाटकानं स्वतःचं पोट भरत नाही, त्यानं लोकांची दुखणी काय बरी होणार!
– एक रंगकर्मी, भांडुप’

अगं, कोर्सचं बघू नंतर. आधी त्या बाईंचं बोलू.

तुझ्या हॉलमध्ये त्यांनी जे केलं, ते कुणी न शिकवता केलं. जेकब मोरेनो नावाचा एक डॉक्टर होता. १९२०च्या दशकात व्हिएन्नात त्यानं उत्स्फूर्त नाटकाचे प्रयोग केले, मग तो अमेरिकेत गेला. १९३६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बीकन गावी त्यानं स्वतःचं मनोरुग्णालय काढलं आणि तिथे उपचारांसाठी रंगमंच बांधला. त्याच्या पद्धतीला सायकोड्रामा म्हणतात. त्या पद्धतीतलं सगळ्यात जालीम तंत्र म्हणजे भूमिकांची अदलाबदल. ज्याचा प्रसंग असेल त्यानं समोरच्याच्या जागी उभं राहायचं, त्याच्या तोंडानं बोलायचं, आणि आपल्या जागी दुसऱ्या कुणाला तरी उभं करायचं. त्या बाई नेमक्या याच वाटेनं गेल्या. ज्याच्यासमोर एरवी तोंड उघडता येत नाही, त्याच्या कातडीत शिरून पाहावंसं वाटणं यात नवल काहीच नाही.

पण मोरेनोच्या रंगमंचावर अदलाबदल झाली की परत फिरायचं असतं. नवऱ्याचं बोलून झालं की बाईंनी पुन्हा स्वतःच्या जागी यायचं, समोर आता नवऱ्याचं काम करणारी दुसरी कुणी असेल तिला काय सांगायचं ते सांगायचं, आणि प्रसंग स्वतःच्या जागेवर उभं राहून संपवायचा. तुझ्याकडे सीन संपला तेव्हा त्या कुठे होत्या? नवऱ्याच्या जागी. उगारलेला हात त्यांचाच होता, शिव्याही त्यांच्याच तोंडात होत्या, आणि त्या अवस्थेत टाळ्या पडल्या. त्यांना त्या टाळ्या कशाला पडल्या असं वाटलं असेल, याचा विचार कर.

प्रसंगानंतर आणखी एक भाग असतो, त्याला शेअरिंग म्हणतात. बघणाऱ्यांनी तिथे मत द्यायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, ‘छान केलंस’ असंही म्हणायचं नाही. एवढंच सांगायचं की हे बघताना मला माझ्या आयुष्यातलं काय आठवलं. हे नियम उगाच केलेले नाहीत. एका माणसानं सगळ्यांसमोर स्वतःला उघडं केलेलं असतं, आणि बाकीच्यांनीही थोडं थोडं उघडं झाल्याशिवाय त्याला एकट्यालाच तसं घरी जावं लागतं.

आणि घर म्हणजे इथे काय? ती चाळ. मुंबईतल्या शिबिराची ही गोष्ट कुठल्याही परदेशी पुस्तकात सापडायची नाही. न्यूयॉर्कमध्ये गट सुटला की माणसं वेगवेगळ्या दिशांना निघून जातात. तुझा गट सुटला तो एकाच गॅलरीतून एकमेकींच्या मागे घरी गेला. एका नळावर पाणी भरणाऱ्या, संध्याकाळी पायरीवर बसून भाजी निवडणाऱ्या बायका. कुणी वाईट मनानं बोललं असेल असं मी म्हणत नाही. हळहळून बोलल्या असतील. पण ते बोलणं भिंतीपलीकडे गेलं असेल, आणि नवऱ्याच्या कानावर पडलं असेल तर त्या घरात पुढे काय झालं असेल हे तुला आणि मला माहीत नाही. त्या मान वळवतात त्यात तुझ्यावरचा राग असेल, लाज असेल, किंवा ‘हिच्याशी बोलताना कुणी बघितलं तर’ अशी निव्वळ भीती असेल.

म्हणून पहिलं काम हे. त्यांना पुन्हा शिबिराला बोलावू नकोस. गर्दीच्या वेळी दारात उभी राहू नकोस. त्या एकट्या असताना, बाजारात वगैरे गाठून, दोन वाक्यं बोल: त्या दिवशी मी तो प्रसंग नीट सांभाळला नाही, तुमचं काही चुकलं नव्हतं. प्रसंग खरा होता का, हे विचारू नकोस. सांगावंसं वाटलं तर त्या सांगतील. मदत हवी असेल तर काय काय आहे एवढं तुझ्या ओठांवर असू दे. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेली-मानस आहे, क्रमांक १४४१६, फुकट आणि चोवीस तास, मराठीत बोलता येतं. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात घरातल्या हिंसेत सापडलेल्या बायकांसाठी ‘दिलासा’ केंद्र आहे, पुढे पालिकेच्या इतरही काही रुग्णालयांत ते सुरू झालं. दवाखान्याचा केसपेपर काढायला जाते असं सांगून बाईला घराबाहेर पडता येतं, ही त्या केंद्राची मोठी सोय. पोलिसांच्या जोडीनं काम करणारा महिला आणि बालकांसाठीचा ‘स्पेशल सेल’ आहे. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसनं तो १९८४ मध्ये मुंबईत सुरू केला, आणि तिथे समोर बसते ती समाजकार्य शिकलेली व्यक्ती. चिठ्ठीवर लिहून देऊ नकोस, चिठ्ठ्या सापडतात. नंबर त्यांना त्यांच्या फोनमध्ये दुसऱ्याच नावानं सेव्ह करू दे.

आता तुझं ते वाक्य. ‘आजवर बसवलेल्या एकाही एकांकिकेत मला असा सीन मिळाला नव्हता.’ हे तू खरं लिहिलंस, त्यासाठी तुला मी मार्क देते. बहुतेक जण हे लपवतात. पण तुझी सगळ्यात मोठी अडचण याच वाक्यात बसली आहे. बी.कॉम. ही त्यामानानं किरकोळ अडचण.

स्पर्धेची एकांकिका बसवणाऱ्याची नजर कशी तयार होते ते तुला मी सांगायला नको. चाळीस-पन्नास मिनिटं हातात, परीक्षक समोर, सगळं चढवत चढवत न्यायचं, नटाला म्हणायचं ‘अजून आत जा, अजून दे’, आणि तो फुटला की त्या क्षणावर ब्लॅकआउट. ही नजर कमावायला तुला वर्षं लागली आणि रंगमंचावर ती सोन्यासारखी आहे. उपचारात मात्र तीच नजर माणसाला इजा करते. थेरपिस्टला नेमकी उलटी सवय लावावी लागते. माणूस फुटायच्या आधी ओळखायचं, वेग कमी करायचा, एक पाऊल मागे घ्यायचं. सीन फिका पडला तरी चालेल. खरं सांगायचं तर चांगली सेशन्स बाहेरून बघणाऱ्याला बऱ्यापैकी कंटाळवाणी वाटतात.

ड्रामा थेरपीत याबद्दल बराच विचार झालाय. न्यूयॉर्क विद्यापीठात हा विषय वर्षानुवर्षं शिकवणारे रॉबर्ट लँडी अंतराबद्दल बोलतात. माणूस आपल्या दुःखापासून फार लांब उभा असेल तर तो नुसती माहिती सांगतो: हो, मारतो, चालायचंच. फार जवळ गेला तर दुःख त्याला गिळून टाकतं, मग विचार करणारं कुणी शिल्लकच राहत नाही. मधे कुठेतरी एक जागा असते, जिथे डोळ्यांत पाणी येतं आणि त्याच वेळी आपल्या डोळ्यांत पाणी आलंय हेही कळतं. थेरपिस्टचं निम्मं कसब माणसाला त्या जागेवर ठेवण्यात आहे. नाटक तिथे कामाला येतं ते अंतर कमी-जास्त करता येतं म्हणून. स्वतःच्या नवऱ्याऐवजी गोष्टीतला राजा घे, अंतर वाढलं. मुखवटा घे, बाहुली घे, आणखी वाढलं. ‘मी’ म्हणून बोल, अंतर एकदम संपलं. जिचं रोजचं घरच इतकं जवळ आहे तिला तू दुसऱ्याच रविवारी ‘मी’ म्हणून बोलायला लावलंस.

सॅन फ्रान्सिस्कोच्या रेने एमुना यांनी ड्रामा थेरपीच्या प्रवासाचे पाच टप्पे मांडले आहेत. आधी नुसते खेळ. मग काल्पनिक प्रसंग, ज्यात माणूस दुसऱ्याच कुणाचं तरी आयुष्य जगतो आणि भूमिकेच्या आडून स्वतःचं थोडं थोडं बाहेर काढतो. स्वतःच्या आयुष्यातल्या प्रसंगांची पाळी तिसऱ्या टप्प्यात येते, मनातल्या खोल गाठींची चौथ्यात, आणि शेवटचा टप्पा निरोपाचा, झालेलं सगळं गटानं मिळून गुंडाळून ठेवण्याचा. तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोचायला कधी कधी महिने जातात. काही गट पोचतच नाहीत आणि तरी त्यांना फायदा होतो, कारण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना मोठ्यानं हसायला, पळायला, आवाज चढवायला जागा दिलेली असते. तुझ्या बचत गटाच्या बायकांना कदाचित एवढंच हवं होतं.

भूमिका उतरवणं हाही भाग असाच राहून गेला. नाटकवाल्यांना हे खरं तर ठाऊक असतं. प्रयोगानंतर मेकअप पुसतो, कपडे बदलतो, विंगेत पाच मिनिटं चहा पीत फालतू गप्पा मारतो, तेव्हा कुठे गाडी पकडायला निघतो. उपचारात तेच मुद्दाम आणि नेमानं करतात: अंग झटकायचं, भूमिकेचं नाव घेऊन ‘मी आता तो नाही’ असं म्हणायचं, स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायचं, आज वार कोणता आणि घरी गेल्यावर काय रांधायचंय तेही सांगायचं. ऐकायला बालिश वाटतं. पण अंगात आलेल्या बाईला शुद्धीवर आणताना गावाकडच्या म्हाताऱ्यादेखील तिला नावानं हाक मारतात, पाणी देतात. त्यांना कुणी कोर्स केला होता?

बरं, शिक्षण. मुंबईत निव्वळ ड्रामा थेरपीची पूर्ण पदव्युत्तर पदवी घ्यायची म्हणशील तर मी तुला एकाही विद्यापीठाचं नाव देणार नाही. कलिन्याला मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे, पण ती नाटक शिकवते, आणि नाटक तुला येतं. ब्रिटनमध्ये ‘ड्रामाथेरपिस्ट’ हे नाव कायद्यानं राखीव आहे. तिथल्या हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडे नोंदणी असल्याशिवाय ते लावता येत नाही, आणि नोंदणीसाठी मान्यताप्राप्त पदव्युत्तर शिक्षण लागतं. अमेरिकेत १९७९ पासून या व्यवसायाची संघटना आहे. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. संसदेनं २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी वेगळा कायदा केला, त्याच्या यादीत कला आणि नृत्य-हालचाल थेरपिस्टचा उल्लेख आहे, नाटकाचं वेगळं नाव नाही. थोडक्यात, आज भांडुपमध्ये कुणीही उठून ‘ड्रामा थेरपिस्ट’ अशी पाटी लावली तर तिला कुणी हटकणार नाही. तो आठ दिवसांचा कोर्स याच मोकळ्या मैदानात चालतो.

ती पाटी तू लावू नयेस असं मला वाटतं. आठ दिवसांत खेळ शिकता येतील, आणि खेळ तुला त्यांच्यापेक्षा जास्त येत असतील. पण समोरचा माणूस थरथरायला लागला तर तो नुसता रडतोय, त्याला झटका आलाय, की तो जुन्या आघातात परत गेलाय, हे आठ दिवसांत शिकता येत नाही. ज्याला आवाज ऐकू येतात अशा माणसाला ‘कल्पना करा’ म्हणायचं की नाही, औषधं चालू असलेल्याशी काय बोलायचं, आत्महत्येचा विचार बोलून दाखवला तर त्याच तासात काय करायचं, कुणाला फोन करायचा, गोपनीयता कुठे संपते. या सगळ्याचा नाटकाशी काडीचा संबंध नाही आणि ‘थेरपिस्ट’ या नावाशी सगळा आहे.

आपल्याकडे मन आणि रंगमंच दोन्ही सांभाळलेली मोठी माणसं आहेत. डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ आणि नट. ठाण्यात १९९० मध्ये इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू करणारे डॉ. आनंद नाडकर्णी मनोविकारतज्ज्ञ आणि नाटककार. नाटक दोघांच्याही रक्तात आहे. तरी दोघांनी आधी वैद्यकाची नि मनोविकारशास्त्राची पूर्ण वर्षं काढली, नाटकाच्या जोरावर मधल्या गल्लीतून कुणी आलं नाही.

तर तुझ्यासाठी पाया आधी, आणि तो मानसशास्त्राचा किंवा समाजकार्याचा. पूर्वी तुझ्यासारख्या बी.कॉम. आणि नोकरीवाल्या मुलींना इग्नूची वाट सोपी होती. कुठल्याही पदवीवर मानसशास्त्राचं एम.ए. घरी बसून करता यायचं. ती वाट बंद झाली. २०२५च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून मानसशास्त्र दूरस्थ किंवा ऑनलाइन शिकवायला यूजीसीनं मनाई केली आहे. अजूनही कुणी ‘घरबसल्या एम.ए. सायकॉलॉजी’ची जाहिरात दाखवली तर पैसे भरायच्या आधी दहादा चौकशी कर. वर्गात बसून शिकायचं, तर एम.ए.ला काही ठिकाणी पदवीला मानसशास्त्र असण्याची अट असते, काही ठिकाणी नसते. प्रत्येक विद्यापीठाचं प्रवेशपत्रक वाचायला लागेल.

मला विचारशील तर तुझ्यासाठी समाजकार्य जास्त बरं. देवनारची टाटा इन्स्टिट्यूट आहे, चर्चगेटजवळ निर्मला निकेतन आहे, आणि समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला बी.कॉम. आड येत नाही. टाटासाठी सीयूईटी-पीजी ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, ती साधारण मार्चमध्ये असते. या अभ्यासक्रमात पहिल्या सत्रापासून फील्डवर्क असतं: रुग्णालय, वस्ती, पोलिस ठाणं, शाळा. वर सुपरवायझर असतो, जो दर आठवड्याला तुझ्या नोंदी वाचून ‘हे का केलंस’ असं विचारतो. नाटकवाल्यांना हे फार टोचतं. तुला टोचू दे.

नाटकाच्या उपचारांचं खास शिक्षण त्यानंतर, किंवा शेवटच्या वर्षी जोडीनं. चेन्नईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायकोड्रामा आहे. पुण्यात वर्ल्ड सेंटर फॉर क्रिएटिव्ह लर्निंग फाउंडेशन कलांवर आधारलेल्या उपचारांचं प्रशिक्षण देते. कुठेही गेलीस तरी दाखल होण्याआधी तीन गोष्टी विचारून घे: प्रत्यक्ष माणसांबरोबर किती काम करावं लागतं, त्यावर देखरेख कोण करतं, आणि तुला स्वतःला थेरपी घ्यावी लागते का. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर मी दोनदा विचार करीन. ब्रिटनमधल्या ड्रामाथेरपीच्या अभ्यासक्रमांत विद्यार्थ्याला ती घ्यावीच लागते. परदेशात जायचंच असेल तर जरूर जा, फक्त तिथली फी मध्यमवर्गीय घराला वाकवणारी आहे, आणि परत आल्यावर ती पदवी ओळखणारी पदं इथे बोटावर मोजण्याइतकी आहेत, हे समजून जा.

नोकरी आज सोडू नकोस. पूर्णवेळ शिकायचं म्हणजे दोन वर्षं पगार नाही, हे आधी बाबांच्या शेजारी बसून कागदावर मांड. वर्षभर पैसे साठव, प्रवेशपरीक्षेची तयारी कर, आणि शनिवारी कुठल्यातरी संस्थेत अनुभवी समुपदेशकाच्या हाताखाली काम कर. विशेष मुलांची शाळा, व्यसनमुक्ती केंद्र, वृद्धाश्रम, जिथे घेतील तिथे. गट त्यांचा असेल, तू फक्त खेळ घ्यायचे आणि बघायचं. मधेच कुणी मुलगा कोपऱ्यात जाऊन बसला तर ते लोक काय करतात ते बघ. बहुतेक वेळा काहीच करत नाहीत, नुसते जवळ जाऊन बसतात, आणि तुझ्या हातांना मात्र काहीतरी करायची खाज सुटलेली असेल.

बाबांचं अर्धं खरं आहे. या कामात पैसा पातळ आहे आणि सुरुवातीला तर आणखी पातळ. मुंबईत कुठल्याही संस्थेत ‘ड्रामा थेरपिस्ट हवा’ अशी जाहिरात क्वचित निघते. लोक समुपदेशक म्हणून, समाजसेवक म्हणून, शाळेत शिक्षक म्हणून पगार घेतात आणि त्या खुर्चीत बसून नाटक वापरतात. कंपन्यांमध्ये नाटकाचे खेळ घेऊन ‘टीम बिल्डिंग’ केलं की बरे पैसे मिळतात, तेही लोक करतात, त्यात मला कमीपणा वाटत नाही. फक्त त्याला थेरपी म्हणू नये. बाबांचं दुसरं अर्धं, ‘नाटकानं दुखणी काय बरी होणार’, त्यावर वाद घालू नकोस. नाटकानं मधुमेह बरा होत नाही आणि स्किझोफ्रेनियाही होत नाही. औषधं लागतात तिथे औषधंच लागतात. ज्या माणसाला आपली गोष्ट तोंडानं सांगता येत नाही त्याला ती कधी कधी हातापायांनी सांगता येते, आणि सांगितल्यावर तिच्याकडे थोडं लांबून बघता येतं. तुझ्या हाती एवढंच असेल, आणि ते पुरेसं काम आहे.

आणखी एक शक्यता सांगते, ती तुला कदाचित आवडणार नाही. तुला थेरपिस्ट व्हायचंय की त्या बायकांबरोबर नाटक करायचंय? दोन्ही चांगलं, पण दोन्ही वेगळं. ठाण्यात रत्नाकर मतकरींनी ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. वस्त्यांमधली मुलं स्वतःच्या आयुष्यातले विषय घेऊन स्वतः नाटुकली लिहितात, बसवतात. मतकरी गेले २०२०मध्ये. या उपक्रमाला कुणी उपचार म्हटलं नाही, आणि त्यातून मुलं बदलायची थांबली नाहीत. ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआलनं फोरम थिएटर शोधलं, ज्यात अन्यायाचा प्रसंग मधेच थांबवून प्रेक्षकानं रंगमंचावर यायचं आणि तो वेगळ्या तऱ्हेनं करून दाखवायचा. बंगालमध्ये १९८५ साली सुरू झालेली ‘जन संस्कृती’ ही संस्था ते खेड्यापाड्यांत करते आहे. तिथे प्रसंग एका बाईचा नसतो, सगळ्यांचा मिळून रचलेला असतो. ताट भिरकावणारा नवरा तिथेही येतो, पण तो कुणा एकीचा नवरा नसतो, त्यामुळे नळावर कुणाची कुजबुज होत नाही. आणि बघणाऱ्या बायका टाळ्या वाजवून घरी जात नाहीत, उठून त्या नवऱ्यापुढे उभ्या राहून बघतात. पथनाट्याच्या गावात वाढलेल्या मुलीला हे लवकर जमेल. तुझं पत्र मी पुन्हा वाचलं तेव्हा मला वाटलं की तुझा ओढा इकडे जास्त असावा. पण ते तू ठरवायचंस, आणि ठरवायला वर्षभर हाताशी आहे.

तोवर रविवार बंद करू नकोस. अचानक बंद केलास तर बायकांना वाटेल, त्या बाईंमुळे बंद झालं, आणि त्याचं ओझंही त्यांच्यावरच पडेल. येत्या रविवारी सगळ्यांना सांग की इथे स्वतःच्या घरातले प्रसंग करायचे नाहीत, हॉलमध्ये झालेलं हॉलबाहेर बोलायचं नाही, आणि नको वाटलं तर कुणीही नुसतं बसून राहू शकतं. मग खेळ घे. गोष्टी घे. पंचतंत्रातला सिंह नि ससा करायला लाव, बघ कशा तुटून पडतात. शेवटची दहा मिनिटं भूमिका उतरवायला ठेव, ती कापू नकोस, हॉलचा वॉचमन कितीही घाई करू दे.

आणि त्या आठ दिवसांच्या कोर्सचे पैसे अजून भरले नसशील, तर तेच पैसे घेऊन एखाद्या चांगल्या समुपदेशकाकडे स्वतःसाठी वेळ घे. त्या दिवशी तुलाही रडू आलं होतं, असं तू लिहिलंयस. ते कशानं आलं, हे तिथे बोल.